खाचरात उभी केलेली बाई

आधी एवाझियो क्रावेरोला वाटलं, आपल्या मागे कुणी बाई येऊन उभी राहिली आहे आणि तिचं प्रतिबिंब काचेत पडलंय. तोरीनो शहरातल्या त्या कमानींखालच्या रस्त्यावर, ऑक्टोबरच्या धुक्यात, दुकानांच्या काचांमधून मागचे लोक असे नेहमीच दिसत. म्हणून सवयीने तो बाजूला सरकला, टोपीला हात लावला आणि बाईला वाट दिली. बाई हलली नाही. डोक्याला लाल रुमाल, कमरेवर एक हात, गुडघाभर पाण्यात उभी राहून ती सरळ त्याच्याकडे बघत होती आणि हसत होती. तिच्या मागे दोन गाई पाणी पीत होत्या. एवाझियोने वळून पाहिलं. मागे चेस्टनट भाजणाऱ्याची शेगडी होती आणि एक पाद्री नाक शिंकरत चालला होता. बाई काचेत नव्हती, चित्रात होती. चित्र त्याचं होतं. कोपऱ्यात त्याची सही होती, चौकट त्याने निवडलेली होती, आणि मधे, जिथे काहीएक नव्हतं तिथे, ही बया गाईगुरांसकट येऊन उभी राहिली होती. आपल्या घराचं दार उघडावं आणि आत आपल्याच खुर्चीत कुणी अनोळखी माणूस पाय पसरून सूप पीत बसलेला दिसावा, तसं त्याला झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी आग तिथवर जायला जरा वेळ लागतो, पण गेली ती पुरती गेली.

ते चित्र म्हणजे काय होतं, तर काहीच नव्हतं, आणि हेच तर त्याचं म्हणणं होतं. वेर्चेल्लीकडचं एक भाताचं खाचर, एप्रिलातलं, कालव्याचं पाणी नुकतंच आत सोडलेलं, पेरणीसुद्धा न झालेलं. खाली पाणी, वर आभाळ, मधे एक बांध आणि बांधावर छाटलेल्या झाडांचे बुंधे. माणूस नाही, जनावर नाही, पाखरू नाही. हे असं रिकामं करायला त्याला तीन एप्रिल लागले होते. रिकामं म्हणजे न काढलेलं नव्हे, हे तोरीनोतल्या एकाही शहाण्याला कळत नव्हतं. झाड काढणं सोपं असतं, झाडाला पानं असतात. काहीच नसलेल्या पाण्याला धरायचं कुठे? पहिल्या वर्षी ते पाणी शिशासारखं झालं, दुसऱ्या वर्षी साबणासारखं. तिसऱ्या वर्षी एका सकाळी ते पाणी झालं, आणि एवाझियो बांधावर बसून रडला होता. त्यात कुणी असायला नको होतं. का नको होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगता आलं असतं तर चित्र कशाला काढलं असतं?

दुकानात चित्रांचे व्यापारी मोंसू तार्दीती (मोंसू म्हणजे तिकडचं ‘श्रीयुत’) नेहमीप्रमाणे हात चोळत पुढे आले. गोल माणूस, गोल बोलणं, कुठून धरावं कळू नये असं. एवाझियो काही म्हणायच्या आतच त्यांनी अभिनंदन करून टाकलं. बियेल्लाची एक लोकरगिरणीवाली बाई आठवड्यापूर्वी येऊन चित्रासमोर खूप वेळ उभी राहिली होती म्हणे. शेवटी म्हणाली, सुंदर आहे हो, पण ह्यात बघायचं कुणाकडे? तार्दीतींना तिचं म्हणणं लगेच पटलं. भिंतीवर टांगायचं, समोर बसून जेवायचं, तर सोबतीला कुणीतरी हवं. आता ती दुपारी नवऱ्याला घेऊन येणार होती, आणि नवरा म्हणजे नुसता होकार द्यायला असतो हे काय सांगायला हवं. हे सगळं ते अशा सुरात सांगत होते, की जणू एवाझियोच्या मुलीचं लग्न परस्पर ठरवून टाकलंय आणि आता बापाने फक्त डोळे पुसायचे.

एवाझियो काचेतल्या चित्राकडे पाठीमागून बघत होता. पाठीमागून नुसता कॅनव्हासच दिसत होता, तरी बाई त्याला दिसत होती. तिचा खोचलेला घागरा, कोपरावरचा पांढऱ्याचा ठिपका. कोपरावर असा ठिपका अख्ख्या पिएमोन्ते प्रांतात एकच माणूस ठेवायचा. धुणं धुणारी असो की देवदूत असो, कोपर चमकलंच पाहिजे. त्याने विचारलं, "पेल्ला?" तार्दीती म्हणाले, दुसरं कोण असणार, हात अजून तसाच आहे, दोन दिवसांत करून दिली. एवाझियो म्हणाला, पुसून टाका. तार्दीती हसले. मग हसायचे थांबले. मग म्हणाले, "मोंसू क्रावेरो, तुम्ही रागात आहात. तुम्ही पुसायला गेलात तर निम्मं आभाळ पुसाल. रंग ओला आहे, ज्याने घातला तोच काढील, काढायचा तर. जा, विचारा त्याला." आणि वर असं बघितलं, की गेली सहा वर्षं तुम्ही त्या माणसाचं तोंड पाहिलेलं नाही हे मला ठाऊक आहे, आता बघतोच कसे जाता. ह्या बघण्यामुळेच एवाझियो बाहेर पडला आणि नदीपलीकडे राहणाऱ्या पेल्लाच्या घराच्या दिशेने चालायला लागला.

पो नदीवर धुकं इतकं दाट होतं की पूल अर्ध्यातच संपल्यासारखा वाटत होता. एवाझियो मनातल्या मनात वाक्यं जुळवत चालला होता. चोर. भाडोत्री. दुसऱ्याच्या शेतात शिरणारा. पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी पेल्लाचं ते बारीक डोळ्यांचं हसणं येऊन बसत होतं आणि वाक्य बिघडत होतं. अठरा वर्षं दोघांनी मिळून चित्रं केली होती. त्या काळी तोरीनोत ही रीतच होती, एकाने चित्रातली जमीन करायची आणि दुसऱ्याने माणसं. एवाझियोला माणसं यायची नाहीत, निदान तो तसं सांगायचा. गाउदेन्झिओ पेल्लाला झाड काढायला सांगितलं तर झाडाला गुडघे फुटायचे. मग एवाझियो डोंगर, ओढा, शेत करून, वाळवून, कॅनव्हास नदीपलीकडे पाठवून द्यायचा, आणि परत यायचा तेव्हा त्यात धनगर, धोबिणी, भिक्षू, गाढवं अशी वस्ती झालेली असायची. सही एकट्या क्रावेरोची. रस्स्यात मीठ कुणी घातलं हे कुणी विचारतं का, असं पेल्ला म्हणायचा. त्याला राग येत असेल असं एवाझियोला तेव्हा कधी वाटलंच नाही. जमीन करणाऱ्याने कुठेतरी, बहुधा डाव्या हाताला, एक शांत फिकट जागा सोडायची, इतकाच काय तो दोघांमधला करार. माणूस उभा राहायला जागा लागते. गर्दीच्या गवतात माणूस उठून दिसत नाही.

सगळ्यांत जास्त खपली ती भाताची खाचरं. वकिलांना, दंतवैद्यांना, कारखानदारांच्या बायकांना बेणणीच्या, म्हणजे भातातलं तण उपटणाऱ्या, पोरी फार आवडायच्या. लाल रुमाल, खोचलेले घागरे, पांढऱ्या पोटऱ्या, आणि सगळ्या उभ्या. पेल्लाची एकही बाई कधी वाकलेली नसायची. वाकलेल्या बाईचा चेहरा दिसत नाही आणि चेहरा दिसला नाही तर गिऱ्हाईक पैसे कशाचे देणार? बेणणी करणारी बाई सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत वाकलेलीच असते, पाणी कोपरापर्यंत असतं, पोटऱ्यांना जळवा लागलेल्या असतात, आणि बांधावर काठी घेऊन मुकादम उभा असतो, तो पाठ सरळ करू देत नाही, हे एवाझियोला ठाऊक होतं. तोरीनोतल्या सगळ्या चित्रकारांत ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. आणि तो मूग गिळून बसला होता. चित्र परत आलं की तो पेल्लाच्या पोरींकडे न बघता नुसतं आपलं पाणी तपासायचा आणि कोपऱ्यात सही करायचा. घरचे कोण, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, आमची वेर्चेल्लीकडे थोडी जमीन आहे. जमीन होती, खरंच होती. दुसऱ्याची होती एवढंच.

पिएरीना, त्याची बहीण, त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. वेर्चेल्लीत पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाकडे एवाझियोला शिकायला ठेवलं होतं, आणि त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च निघावा म्हणून ती दर जूनला बेणणीला जायची. असं कुणी बोलून दाखवलं नव्हतं, ते घरात सगळ्यांना नुसतं माहीत होतं. एकदा तो घरी आला असताना आईने त्याला तिच्यासाठी पाव आणि कांदे घेऊन पाठवलं. तो बांधावर उभा राहिला. समोर पाण्यात पाठींची एक लांब रांग होती. डोकी खाली, हात पाण्यात, वर फक्त पाठी. सगळ्या सारख्याच, ओल्या, मातकट. ह्यातली आपली कुठली ते त्याला कळेना. ज्या बहिणीच्या शेजारी तो लहानपणापासून निजत आला होता तिची पाठ त्याला ओळखता येईना, आणि ह्याची त्याला इतकी भीती वाटली की तो ओरडला, पिएरीना. मुकादमाने वळून पाहिलं. रांगेतून एकही डोकं वर आलं नाही. फक्त एका पाठीखालून एक हात पाण्याबाहेर आला, जरासा हलला, आणि परत आत गेला. तीच होती की दुसरी कुणी चेष्टेखोर, हे त्याने तिला विचारायचं ठरवलं होतं. पण जुलैत ती ताप घेऊनच घरी आली, कुडकुडायची, कुणाला ओळखायची नाही, आणि ऑगस्टमध्ये गेली. म्हणून त्याने एप्रिल काढला होता. एप्रिलात खाचरात कुणी नसतं. एप्रिलात पिएरीना घरी असायची, अंगणात बसून शेंगा सोलायची आणि त्याच्या बोटांना लागलेल्या रंगावरून त्याला माकड म्हणायची. पाणी आलेलं आहे आणि ती अजून पाण्यात उतरलेली नाही. एवढाच महिना त्याला हवा होता. त्या महिन्यात तार्दीतींनी बाई उभी केली, आणि तीही कमरेवर हात ठेवून हसणारी. मेल्या माणसाच्या अंथरुणावर बाहुली निजवावी तसं. पुलाच्या कठड्यावर त्याने इतक्या जोरात मूठ आपटली की समोरून येणारी दुधवाली थबकली आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

पेल्लाशी बिनसलं ते ह्याच पाण्यावरून. सहा वर्षांपूर्वी खानावळीत चारचौघांत एवाझियो म्हणाला होता की ह्यापुढे माझी खाचरं रिकामीच राहतील, त्यात मला माणसं नकोत. पेल्लाने पेल्यातून मान वर काढली आणि म्हणाला, "का रे? कुणी मेलंय का?" सगळे खो-खो हसले. एवाझियोने हातातला पेला खाली ठेवला, टोपी उचलली आणि तो निघून गेला. पेल्लाला बिचाऱ्याला आपण कुणाचं काय घोडं मारलं हे आजतागायत कळलेलं नव्हतं. आता हा बिचारा शब्द कुठून आला म्हणून एवाझियो स्वतःवरच चिडला, आणि त्या चिडीत त्याने पेल्लाच्या दारावर काठी हाणली.

दार पेल्लाच्या बायकोने, डोमेनिकाने उघडलं. आतून लसूण आणि अँचोव्ही मासळी तेलात शिजत असल्याचा वास आला, आणि एवाझियोच्या पोटाने धन्याला न विचारताच गुरगुर केली. डोमेनिकाने त्याला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं.

"सहा वर्षं पूल वाहून गेला होता वाटतं," ती म्हणाली. "या. बूट पुसा आधी. रागाने आलेल्या माणसाच्या बुटांना काही कमी चिखल नसतो."

पेल्ला शेगडीशी बसला होता. पार वाळला होता, केस पिकले होते, आणि एवाझियोला बघताच त्याचा चेहरा असा उजळला की एवाझियोने पुलावर जुळवलेलं पहिलं वाक्य तिथल्या तिथे मेलं. पेल्ला उठला, त्याने एवाझियोचे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "बघितलीस? बसली की नाही बरोबर?"

चोर म्हणायला तोंड उघडलं ते एवाझियोच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "एप्रिलात खाचरात बाई नसते," तो म्हणाला.

"काय?"

"एप्रिलात. बेणणी जूनमध्ये असते. एप्रिलात तिथे उपटायला काहीच नसतं, नुसतं पाणी असतं. आणि गाई. भाताच्या खाचरात गाई पाणी प्यायला कोण सोडतं?"

"तहानलेल्या गाईला विचार," पेल्ला म्हणाला, आणि डोमेनिका शेगडीपाशी हसली.

"तू जन्मात कधी भाताचं खाचर पाहिलंयस?"

"पाहिलीत की. तू पाठवायचास ती." पेल्ला अजून हसतच होता, पण आता हसण्याला धार आली होती. "अठरा वर्षं पाठवत होतास. मी जून असो, डिसेंबर असो, बाया उभ्या करत होतो आणि तू खाली सही ठोकत होतास. तेव्हा तोंड शिवलेलं होतं काय रे तुझं?"

एवाझियो ओरडला की हे विचारायचा अधिकार तुला नाही, दुसऱ्याने वाळवून ठेवलेल्या चित्रात रात्रीच्या चोरासारखं शिरायला लाज वाटत नाही का, आणि त्या तार्दीतीने चार नाणी फेकली म्हणून. तेव्हा पेल्लाचं हसू खरोखरच गेलं. तो न समजल्यासारखा बघत राहिला. तार्दीती आपल्याला म्हणाला होता, असं त्याने सांगितलं, की चित्र क्रावेरोनेच पाठवलंय. स्वतः यायला लाजतोय, असं म्हणाला होता. पेल्लाने पैसे घेतले नव्हते. तार्दीती देत होता, तर त्याने सांगितलं होतं, आमच्यात ते नंतर बघू.

"मी हिला म्हटलं, आला बघ शेवटी गाढव ठिकाणावर," पेल्ला हळू म्हणाला. "जागापण सोडलीय माझी, म्हटलं. विचार तिला."

"कुठली जागा?"

"डावीकडे, बांधाच्या अलीकडे. तिथे फिकट केलंयस तू. सगळं पाणी हलतंय रे, बारीक का होईना, हलतंय. तेवढंच थांबलंय. इतकी नेमकी जागा तू मला अठरा वर्षांत सोडली नव्हतीस. तीन दिवस नुसता बघत बसलो आणि मग दोन दिवसांत ती केली."

एवाझियोच्या डोळ्यांपुढे त्याचं चित्र आलं. तीन एप्रिल घासून मिळवलेलं पाणी आलं, आणि त्यात डावीकडे, बांधाच्या अलीकडे, ती जागा होती. हातभर लांब, फिकट, गुळगुळीत. हाताने आपली जुनी खोड सोडली नव्हती. बांधावर बसून तो ज्याच्यासाठी रडला होता ते रिकामं खाचर हा बाई यायच्या आधीचा, पेल्लाची वाट बघणारा, नेहमीचाच कॅनव्हास होता. ह्याचा त्याला तार्दीतींच्या लबाडीपेक्षा, गाईंपेक्षा, बाईच्या हसण्यापेक्षाही जास्त संताप आला. आणि हा संताप न्यायला कुणाचं दार नव्हतं.

"मी नाही पाठवलं," तो म्हणाला. "तुला कुणी बोलावलं नव्हतं."

डोमेनिकाने पळी खाली ठेवली. पेल्लाच्या गळ्यापासून कानापर्यंत हळूहळू लाली चढली. एवढ्या वर्षांत एवाझियोने त्याला रागावलेला कधी पाहिला नव्हता, आणि हा माणूस रागावल्यावर सुंदर दिसतो असा एक वेडगळ विचार त्याच्या मनात येऊन गेला. पेल्लाने खुंटीवरचा कोट काढला. फळीवरून टर्पेंटाइनची बाटली घेतली, पेटीतून जुन्या शर्टाचा एक स्वच्छ तुकडा शोधून काढला.

"चल," तो म्हणाला. "बोलावणं नसताना मी कुणाच्या ताटावर बसत नाही. रंग ओला आहे अजून. आणि त्या तार्दीतीचं काय करायचं ते मी बघतो."

जेवून तरी जा, डोमेनिका म्हणाली, पण ते तिलाही खरं वाटलं नसावं. पुलावरून दोघे म्हातारे आपापल्या रागात चालले होते, एक पुढे, एक मागे. अर्ध्या पुलावर पेल्ला न वळताच म्हणाला की गाई घातल्या नसत्या तरी चाललं असतं, त्या तार्दीतीच्या सांगण्यावरून घातल्या. एवाझियो म्हणाला, कोपरावरचे ते ठिपके एकदा बंद कर, देवाच्या कोपरावरसुद्धा एवढा उजेड पडत नाही. पेल्ला म्हणाला, ठिपक्यांवर तू घर बांधलंस. मग कमानी लागल्या.

दुकानात ती बियेल्लाची बाई आणि तिचा नवरा येऊन बसलेच होते, हातात व्हर्मुथ वाइनचे छोटे पेले घेऊन. तार्दीतींनी दोघांना एकत्र आत येताना पाहिलं आणि त्यांच्या गोल चेहऱ्याला पहिल्यांदाच कोपरे फुटले. पेल्लाने कुणालाही नमस्कार केला नाही. तो सरळ काचेपाशी गेला, चित्र उतरवून टेबलावर भिंतीला टेकवून उभं केलं, बाटलीचं बूच दातांनी काढलं आणि चिंधीचा बोळा भिजवला. टर्पेंटाइनचा वास व्हर्मुथच्या वासात मिसळला. तार्दीती म्हणाले की हे वेड आहे, हे लोक मुद्दाम बियेल्लाहून आलेत. पेल्ला म्हणाला, "मोंसू तार्दीती, तुम्ही मला सांगितलंत ह्याने पाठवलंय. आता ह्याच्या तोंडावर सांगा." तार्दीतींनी गिऱ्हाइकांचे पेले पुन्हा भरायला घेतले. बाईच्या नवऱ्याने पेला खाली ठेवून काय चाललंय असं विचारलं.

गाई आधी गेल्या. दोन फटक्यांत त्या गेल्या आणि त्यांच्या खालून एवाझियोचं पाणी जसंच्या तसं वर आलं, वाळलेलं, थंड, नीट. मग पेल्लाने बोळ्याची घडी पालटली आणि बाईचा चेहरा पुसला. चेहरा आधी, म्हणजे ती आपल्याकडे बघत राहणार नाही, असं काहीसं तो पुटपुटला. मग खांदे, कमरेवरचा हात, चमकणारं कोपर. तो वरून खाली पुसत होता, सावकाश, जखम पुसावी तसा, आणि रुमालाचा लाल रंग चिंधीबरोबर खाली ओघळत होता. बंडीचा करडा रंग तिरपा होऊन पाण्याकडे उतरला. घागरा तेवढा अजून होता, खोचलेला, मातकट. त्याच्यावर आता डोकं नव्हतं, मान नव्हती. घागऱ्यापासून निघून पाण्याकडे उतरत गेलेला एक ओला, मळका बाक होता, आणि जिथे तो पाण्याला टेकत होता तिथे जरासा लाल.

पेल्लाचा हात थांबला. त्याने बोळा वर धरून ठेवला आणि तो मागे सरकला. त्याला काय दिसलं कुणास ठाऊक, पण इतक्या वर्षांत त्याने असली बाई काढली नव्हती हे त्यालाही कळलं असावं. एवाझियो पुढे वाकला. बांधावर उभं राहून जे त्याला कळलं नव्हतं, ते आता दुकानाच्या मधोमध, अनोळखी लोकांच्या समोर, एका चिंधीच्या फटकाऱ्याने कळलं होतं. ही कुठल्याही बाईची पाठ नव्हती. त्याला ह्याचाही संताप आला. एप्रिल गेला होता. तीन वर्षं ज्याला धरून ठेवलं होतं तो महिना त्याच्या डोळ्यांदेखत संपला होता, जून आला होता, ती पाण्यात उतरली होती आणि वर बघत नव्हती. आणि चित्र आता बरोबर होतं. डावीकडची ती मेली जागा कशासाठी होती ते कळत होतं.

"पुसू पुढे?" पेल्लाने विचारलं.

बियेल्लाची बाई उठून जवळ आली होती. हे असंच राहणार का, असं तिने तार्दीतींना विचारलं, जेवणाच्या खोलीत हे कसं लावायचं. छे, छे, तार्दीती म्हणाले, थोडं राहिलंय, एवढा डाग गेला की झालं, आणि हे दोघे आपल्या वेडात आहेत तोवर आपणच उरकून टाकावं म्हणून त्यांनी खिशातून हातरुमाल काढला आणि हात पुढे केला. एवाझियोने त्यांचं मनगट धरलं.

"तिला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

तार्दीती खरोखरच गोंधळले. त्यांनी चित्राकडे पाहिलं, पेल्लाकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "कुणाला?" त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षं ह्या शहरात त्याने आपली जमीन सांगितली होती. आपले नीट बूट, नीट टोपी, नीट घराणं सांगितलं होतं. समोर लोकरगिरणीवाला बायकोला घेऊन निघण्याच्या बेतात उभा होता, दारात चेस्टनटवाला डोकावून बघत होता, पेल्ला बघत होता.

"माझ्या बहिणीला," एवाझियो म्हणाला. "ती बेणणीला जायची."

मग त्याने तेच पुन्हा सांगितलं, मोठ्याने, तिचं नाव घेऊन.